विहिरीतलं हाड आणि ६.६ कोटींची रेघ: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात एका शेतकऱ्याने मे महिन्यात विहीर खणायला घेतली. गावाचं नाव मी इथे देत नाही. नाव छापून आलं की दगड गोळा करणारे तिथे पोहोचतात आणि अभ्यासाला काही उरत नाही. शेतकरी आणि विद्यार्थी यांचीही नावं त्याच कारणाने गाळली आहेत.

विहिरीत वर पाच फूट काळी माती होती, मग मुरूम, मग सुरुंग लावून फोडावा लागलेला काळा फत्तर. साधारण २६ फुटांवर फत्तर संपला आणि लाल-हिरवट, चिवट माती सुरू झाली. मजुरांना वाटलं, आता काम सोपं झालं. दोन दिवसांनी क्रेनच्या बादलीतून गोट्यांसोबत लांबट, करड्या रंगाचे तुकडे वर येऊ लागले. शेतकऱ्याच्या मुलाने फोटो पाठवले. तो आमच्या महाविद्यालयात शिकला होता, म्हणून ते माझ्यापर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन वावरात पोहोचले. शेतकऱ्याने एक तुकडा माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हाड म्हनाव तं एवढं जड कसं? अन गोटा म्हनाव तं आतून जाळीदार कसा?" इतकी नेमकी परीक्षा मी वर्गातही क्वचित ऐकली आहे. अश्म झालेल्या हाडात खनिजं भरतात म्हणून ते जड होतं, आणि मूळ हाडाची जाळी तशीच राहते. मी तुकडा पुसून जिभेच्या टोकाला लावला. तो चिकटला. सच्छिद्र हाड ओल ओढून घेतं, साधा दगड असं करत नाही. ही जुनी युक्ती आहे, ती पुरावा नव्हे, पण शेतात उभं असताना उपयोगी पडते.

हा भाग जीवाश्मांसाठी नवखा नाही. याच तालुक्यातल्या पिसदुरा गावाच्या शेतांत नांगराबरोबर हाडं आणि विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा, वर येतात. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून डायनासोरची एक जात नोंदवली होती. डोंगरगावच्या टेकडीतून १९८०च्या दशकात एक मोठा सांगाडा निघाला. १९९७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो इसीसॉरस कोलबर्टी या नावाने ओळखला जातो. या सगळ्याला भूवैज्ञानिक लमेटा थर म्हणतात. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटाघाटावरून आलं.

प्रश्न काय होता

दोघांना आमच्याकडून आकडा हवा होता. सरपंचांना ग्रामपंचायतीसमोर फलक लावायचा होता: "आमच्या गावात इतक्या कोटी वर्षांपूर्वीचा डायनासोर." आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधात त्या लाल मातीच्या थराचं वय लिहायचं होतं. दोघांचा समज एकच होता: हाड डायनासोरचं निघालं की डायनासोर कधी होते ते पुस्तकात आहेच, म्हणजे थराचं वय मिळालं.

ही पद्धत खोटी नाही. भूविज्ञानात जीवाश्मांवरून थर ओळखण्याची परंपरा दोनशे वर्षांची आहे. एखादा प्राणी पृथ्वीवर कधी अवतरला आणि कधी नाहीसा झाला, या दोन टोकांमधल्या काळाला त्याची कालमर्यादा म्हणतात. त्याचा अवशेष ज्या थरात जागच्या जागी सापडतो, तो थर त्या दोन टोकांच्या आतला असायला हवा. पण यातून वर्ष मिळत नाही, पट्टा मिळतो. शिवाय पट्टा किती रुंद आहे आणि त्याची टोकं कोणी, कशावरून बसवली, हे आधी बघावं लागतं.

सरपंचांना मी नाण्यांचा दाखला दिला. जुन्या वाड्याच्या भिंतीत भोकाचा पैसा सापडला, तर भिंत १९४३च्या आधीची नाही एवढं नक्की कळतं, कारण तो पैसा १९४३ ते १९४७ या काळातच पाडला गेला. राणीछाप रुपया सापडला तर पट्टा एकदम साठ वर्षांचा होतो. आणि दोन्ही वेळा एक शंका राहतेच: नाणं कोणी नंतर तिथे ठेवलं नसेल कशावरून? आमचं हाड भोकाचा पैसा आहे की राणीछाप, आणि ते नंतर तिथे येऊन पडलेलं नाही ना, हे आम्हाला ठरवायचं होतं.

पहिला निर्णय: हाड नक्की कुठल्या थरातलं

पहिल्या दिवशी आमच्याकडे असलेले सगळे तुकडे विहिरीच्या काठावरच्या ढिगातून उचललेले होते. ढिगात काळी माती, मुरूम, फत्तर, लाल माती सगळं एकत्र. तुकडा ३४ फुटांवरून आला की १० फुटांवरून, हे मजूर आठवून सांगत होते आणि त्यांची उत्तरं जुळत नव्हती.

याला महत्त्व होतं, कारण तीन शक्यता होत्या. एक, हाड फत्तराखालच्या मातीतलं, म्हणजे लमेटा थरातलं. दोन, हाड लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळातलं (आमचा काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हाच). असे गाळ नागपूरच्या टाकळीसकट दख्खनच्या पूर्व कडेवर बरेच आहेत, त्यांना आंतर-ट्रॅप थर म्हणतात. तीन, हाड मूळ थरातून धुऊन निघून फार उशिरा नदीच्या गाळात येऊन पडलेलं. तिसरी शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ओहो अलामो वालुकाश्मात डायनासोरची हाडं मिळाल्यावर काही जणांनी डायनासोर नाहीसे झाल्यावरही तिथे काही टिकले होते असा दावा केला, आणि इतरांनी ती हाडं जुन्या थरातून वाहून आलेली असणार असा आक्षेप घेतला. तो वाद बरीच वर्षं चालला.

आम्ही तुकड्यांच्या पोकळीत अडकलेली माती बघितली. ती लाल होती आणि तिच्यात हिरवे ठिपके होते. विहिरीच्या भिंतीवर तशी माती फक्त फत्तराखाली दिसत होती. तुकड्यांच्या कडा तीक्ष्ण होत्या, नदीत गोल झालेल्या नव्हत्या. हे चांगलं लक्षण होतं, तरी मी समाधानी नव्हते. खणणाऱ्या मिस्त्रीला विनंती केली की पुढचा तुकडा भिंतीत दिसला तर काढू नका, फक्त हाक मारा. चौथ्या दिवशी हाक आली. मिस्त्रीने क्रेनच्या बादलीत मला खाली सोडलं. ३६ फुटांवर, मशालीएवढ्या टॉर्चच्या उजेडात, लाल मातीतून एका मणक्याचा अर्धा भाग बाहेर डोकावत होता. त्याच्याभोवतीची माती अखंड होती आणि वर सलग काळा फत्तर होता. एवढं बघितल्यावर वरच्या गाळातून हाड घसरून आल्याची शंका मनातून गेली.

उरला प्रश्न पहिल्या दोन शक्यतांचा. मातीच्या खाली पुन्हा काळा फत्तर असेल, तर हा आंतर-ट्रॅप थर. नसेल, तर लमेटा. विहीर तिथवर जाणार नव्हती. शेजारच्या वावरात तीन वर्षांपूर्वी बोअर झाली होती. बोअरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, काळा दगड संपला, मग माती, मग रेतीचा दगड आणि त्यात पाणी. काळा दगड परत लागला नाही. त्याची आठवण पक्की वाटली, पण त्या एका आठवणीवर सगळं उभं करणं मला मान्य नव्हतं. म्हणून दोन किलोमीटरवरच्या नाल्याचा काठ चढून-उतरून पाहिला. एका वळणावर लाल माती थेट पिवळसर वालुकाश्मावर बसलेली दिसली. तो वालुकाश्म गोंडवानाच्या काळातला, याच पट्ट्यातल्या कोळशाच्या थरांचा सोबती. मध्ये लाव्हा नव्हता.

इथवर फक्त थरांच्या उतरंडीवरून हाती आलेलं उत्तर असं होतं: माती लाव्ह्यापेक्षा जुनी, गोंडवानाच्या वालुकाश्मापेक्षा नवी. म्हणजे वीस कोटींपेक्षा जास्त वर्षांपासून साडेसहा कोटींच्या आसपासपर्यंत कधीही. एवढ्या मोठ्या पोकळीत डायनासोर काय भर घालतो, हे आता बघायचं होतं.

दुसरा निर्णय: नाव किती नेमकं द्यायचं

मणका स्वच्छ केल्यावर त्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची बाजू गोळ्यासारखी फुगीर निघाली. शेपटीच्या मणक्याची ही ठेवण टायटनोसॉर गटाची, म्हणजे लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या शाकाहारी डायनासोरांची. विद्यार्थ्याने त्याच रात्री वहीत लिहिलं: टायटनोसॉरस इंडिकस.

मी ते नाव खोडायला लावलं, आणि त्यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. टायटनोसॉरस इंडिकस हे भारतातल्या डायनासोर-संशोधनातलं सर्वात मानाचं नाव. ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीत हाडं मिळाली आणि लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांतल्या दोन मणक्यांवरून हे नाव दिलं. त्या वेळी ही खोलगट-फुगीर ठेवण त्या एकाच प्राण्याची खूण वाटत होती. पुढे अर्जेंटिनापासून अनेक देशांत अशाच मणक्यांचे प्राणी सापडले. म्हणजे ती खूण एका जातीची उरली नाही, सगळ्या कुळाची झाली. २००३ मध्ये तपासणी होऊन हे नाव संशयास्पद ठरलं, कारण त्या दोन मणक्यांवरून दुसरा कुठलाही हाडाचा तुकडा त्या जातीचा आहे असं म्हणताच येत नाही.

आमच्या अर्ध्या मणक्यावरही तोच नियम लागू होता. प्रामाणिकपणे फक्त "टायटनोसॉर" एवढंच म्हणता येत होतं. आणि नाव मोघम झालं की पट्टा रुंद होतो. टायटनोसॉरांचे सर्वात जुने अवशेष अर्जेंटिनात सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत आहेत, आणि शेवटचे ६.६ कोटींवर संपतात. म्हणजे सात कोटींहून जास्त वर्षांचा पट्टा. राणीछाप रुपया त्यापुढे काहीच नाही.

विद्यार्थी हिरमुसला. मला मात्र वाटतं, त्या क्षणी आम्ही नाव खोडलं म्हणूनच पुढचं काम नीट झालं. जातीचं नाव लावलं असतं तर त्याच्या जागी "लमेटात सापडणारी जात, म्हणून लमेटाचं वय" असा आकडा आपोआप चिकटला असता.

तिसरा निर्णय: आकडा कुठून आला

तरीही तो चिकटलाच. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात वाक्य होतं: "भारतातील टायटनोसॉर ७ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी वावरत होते, त्यामुळे या थराचे वय ७ ते ६.६ कोटी वर्षे आहे." मसुदा मी वाचला होता आणि वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. दुसऱ्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "हा ७ कुठून आला?"

आम्ही मागे मागे जात राहिलो. एका पाठ्यपुस्तकात तो आकडा होता, तिथून एका अहवालात, तिथून आणखी मागच्या अहवालात. शेवटी कळलं की भारतातले टायटनोसॉर ७ ते ६.६ कोटींतले मानले जातात, कारण ते लमेटा थरांत सापडतात आणि लमेटा थर त्या वयाचे धरले आहेत. म्हणजे थराच्या वयावरून हाडाचं वय, आणि हाडाच्या वयावरून थराचं वय. आम्ही वर्तुळात फिरत होतो.

यातला धोका कल्पनेतला नाही, लमेटाच्या स्वतःच्या इतिहासातला आहे. फ्रेडरिक फॉन ह्यूने आणि चार्ल्स मॅटली यांनी १९३३ मध्ये लमेटाच्या डायनासोरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ते प्राणी पाहून थराचं वय तुरोनियन ठरवलं, म्हणजे आजच्या मोजमापाने ९ कोटींच्या थोडं आधीपासूनचा काळ. आज हेच थर क्रेटेशसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी शेवटच्या टप्प्यातले, मास्ट्रिक्टियन मानले जातात, ७.२ ते ६.६ कोटी. फरक जवळपास दोन कोटी वर्षांचा. ते दोघे थोर अभ्यासक होते. मॅटलींनी जबलपूरच्या टेकड्यांत स्वतः उत्खनन केलं होतं. चूक त्यांच्या कष्टांत नव्हती. भारत तेव्हा बाकी भूखंडांपासून तुटून सरकत होता आणि इथले प्राणी आपापल्या वाटेने बदलत होते. त्यामुळे दूरच्या प्रदेशातल्या नातलगांशी तुलना करून काढलेलं वय सैल राहणारच.

वय सुधारलं ते मुख्यतः इतर पुराव्यांनी. १९८०च्या दशकात लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळांत इग्डाबॅटिस नावाच्या एका रे माशाचे दात मिळाले. हा मासा आधी नायजरमधल्या मास्ट्रिक्टियन थरांतून माहीत होता आणि त्याची कालमर्यादा छोटी आहे. काही मिलिमीटरचा दात हत्तीहून मोठ्या डायनासोरपेक्षा चांगलं घड्याळ निघाला. सोबत अॅक्विलापोलेनाइट्स या परागकणाचे पुरावे आले. १९८६ मध्ये फ्रेंच भूभौतिकशास्त्रज्ञ कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दख्खनच्या लाव्ह्याचा बहुतांश भाग पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटलेल्या एकाच छोट्या कालखंडात बसतो. २०१५ मध्ये झिर्कॉन या खनिजाच्या स्फटिकांच्या किरणोत्सारी मोजमापावरून लाव्ह्याच्या मुख्य टप्प्याची सुरुवात डायनासोर संपण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी झाल्याचं मोजलं गेलं.

म्हणजे आज लमेटाचं वय डायनासोरांवर उभं नाही, म्हणून त्याचा आधार घेता येतो. पण मग वाक्य असं लिहायला हवं: "हा थर लमेटाशी जुळतो आणि लमेटाचं वय सूक्ष्म जीवाश्म, चुंबकत्व आणि लाव्ह्याच्या मोजमापावरून ठरलं आहे." यात हाड फक्त जुळणीला मदत करतं, वय देत नाही. मसुद्यातलं वाक्य आम्ही काढलं.

कोणते पर्याय तोलले

आता आमच्यापुढे चार वाटा होत्या. पहिली, लमेटाचं प्रस्थापित वय जसंच्या तसं उचलायचं. ही सर्वात सोपी आणि बहुधा बरोबर, पण यात आमच्या विहिरीतून नवं काहीच आलं नसतं. दुसरी, विहिरीवरच्या फत्तराचं किरणोत्सारी मोजमाप करून घ्यायचं. खर्च आमच्या आवाक्याबाहेर होता, शिवाय आमचा फत्तर इतका कुजलेला होता की नमुना चांगला निघेल याची खात्री नव्हती. तिसरी, फत्तराचं चुंबकत्व तपासायचं. चौथी, लाल माती धुऊन छोटे जीवाश्म शोधायचे.

आम्ही शेवटच्या दोन घेतल्या. दुसरी सोडल्याची मला अजून रुखरुख आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

काय केलं

मातीची सहा पोती उचलली, विहिरीच्या भिंतीतून, दर दोन फुटांवरून वेगळी. पावसाळ्यात मुलांनी ती बादल्यांत भिजवून, बारीक चाळण्यांतून धुऊन, वाळवून, सुईच्या टोकाने दाणा-दाणा निवडली. आठवड्याला एक पोतंही होत नसे.

हाती काय आलं? 'गार' नावाच्या माशांचे हिऱ्यासारखे चमकदार खवले बरेच मिळाले. ते देखणे असले तरी वयाच्या कामाचे नव्हते, कारण या माशांचं कुळ डायनासोरांच्या काळापासून आजच्या अमेरिकेतल्या नद्यांपर्यंत टिकून आहे. कासवाच्या पाठीचे तुकडे मिळाले, त्यांचंही तेच. इग्डाबॅटिसचा एकही दात मिळाला नाही. सहा पोत्यांत नाही म्हणजे तो तिथे नव्हताच असं नाही. न सापडण्यावरून आम्ही काहीही निष्कर्ष काढला नाही.

मग पाचव्या पोत्यात अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले. बोटाच्या नखाएवढे, जाडसर, बाहेरून बारीक गाठींचे. काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा पंख्यासारखे उघडणारे, एकमेकांपासून वेगळे ओळखू येणारे स्तंभ दिसले. ही रचना मेगालूलिथस प्रकारच्या अंड्यांची आहे. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यापासून मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यापर्यंत लमेटात अशी घरटी आहेत. आमच्यासाठी महत्त्वाचं हे की याच प्रकारची कवचं फ्रान्स, स्पेन आणि अर्जेंटिनातही आहेत, आणि तिथे त्यांचं वय तिथल्या थरांवरून, लमेटाशी संबंध न ठेवता ठरलं आहे. बहुतांश ती उत्तर क्रेटेशसमधली, १० कोटींच्या अलीकडची. वर्तुळ इथे तुटलं.

विष्ठाश्मही मिळाले, आणि त्यांच्याबद्दल थोडं विषयांतर करते. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गवताच्या पानांमधल्या सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, निदान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे. तोवर गवत डायनासोर गेल्यानंतरचं मानलं जात होतं. एखाद्या थरात गवताची खूण दिसली असती तर २००५च्या आधी कोणीही त्याला ६.६ कोटींच्या अलीकडे टाकलं असतं. वरोरा तालुक्यातल्या शेणाच्या गोळ्याएवढ्या दगडाने गवताची कालमर्यादा मागे ढकलली. कालमर्यादेची खालची टोकं अशीच असतात: आजवर सापडलेला सर्वात जुना नमुना एवढाच त्यांचा अर्थ. उद्या आणखी जुना सापडू शकतो.

डायनासोरांचं वरचं टोक मात्र वेगळ्या जातीचं आहे. ते हळूहळू विरळ होत कुठे इथे कुठे तिथे संपले असते तर तेही टोक सैल राहिलं असतं. पण पक्षी सोडून सारे डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी जगभरातून गेले, भूवैज्ञानिक हिशेबाने एकाच क्षणी. त्यामुळे थरात जागेवरच पडलेलं हाड एक गोष्ट फार खात्रीने सांगतं: हा थर ६.६ कोटींपेक्षा नवा नाही. या एका बाबतीत अर्धा, मोघम नावाचा मणकाही पूर्ण सांगाड्याइतकाच बोलका. याच कारणाने आंतर-ट्रॅप गाळांतला डायनासोर निर्णायक ठरला. बिरबल साहनींसारख्या मोठ्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये तिथल्या वनस्पतींवरून ते गाळ डायनासोरोत्तर काळातले मानले होते. पुढे त्यांतल्याच काही गाळांत, टाकळीलाही, डायनासोरचे अवशेष निघाले आणि निदान तेवढे थर तरी ६.६ कोटींच्या रेघेच्या अलीकडे राहू शकले नाहीत.

फत्तराचे नमुने दिशा नोंदवून प्रयोगशाळेला पाठवले. चुंबकत्व उलटं निघालं. दख्खनच्या मुख्य उलट कालखंडाशी, साधारण ६.६४ ते ६.५७ कोटी, ते जुळतं. एवढ्यावरून तोच कालखंड सिद्ध होत नाही, कारण ध्रुव अनेकदा उलटले आहेत. आम्ही "विसंगत नाही" असे शब्द वापरले.

निष्पत्ती

पट्ट्यावर पट्टा ठेवत गेल्यावर चित्र असं झालं. थरांची उतरंड: वीस कोटींहून जास्त ते लाव्हा. टायटनोसॉर मणका: १४ ते ६.६ कोटी. अंड्याची कवचं: बहुधा १० ते ६.६ कोटी. एवढा भाग आमच्या विहिरीने स्वतः दिला. त्यापुढचं, म्हणजे मास्ट्रिक्टियन, हे शेजारच्या लमेटा थरांशी जुळणी करून घेतलेलं. प्रबंधात हे दोन परिच्छेद वेगळे ठेवले, जेणेकरून उद्या लमेटाचं वय हललं तर कुठलं वाक्य हलेल आणि कुठलं जागेवर राहील हे वाचणाऱ्याला दिसावं.

फलकाचं काम जास्त अवघड गेलं. सरपंच म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या गावाच्या फलकावर पक्का आकडा हाय. आपन 'बहुधा' लिहून कसं चालन?" त्यांचं म्हणणं मला पटलं. फलकावर गावातली पोरं वाचणार, तिथे 'बहुधा'ची रांग कामाची नाही. मग पूर्ण खात्रीचं जे एक वाक्य होतं, तेच निवडलं: "या विहिरीत सापडलेली हाडं डायनासोरची आहेत. ती ६.६ कोटी वर्षांहून जुनी आहेत." यात आकडा आहे, आणि त्या आकड्यासाठी मी कुठेही उभी राहू शकते.

मणका आणि कवचं शेतकऱ्याच्या लेखी संमतीने महाविद्यालयाच्या संग्रहात आहेत. एका तुकड्याची प्लास्टरची प्रतिकृती ओतून त्यांच्या घरी दिली. ती देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे.

आज करायचं झालं तर

पहिल्या दिवशी आम्ही ढिगातले तुकडे वेचत बसलो, तिथे चार तास गेले आणि त्यातल्या एकाही तुकड्याची खोली आज सांगता येत नाही. आज मी आधी मिस्त्रीशी बोलले असते. दर फुटाला बादली वेगळ्या जागी रिकामी करायला सांगणं, प्रत्येक ढिगात खडूने आकडा लिहिलेला दगड ठेवणं, एवढं सुरुवातीला झालं असतं तर काम निम्मं झालं असतं. ही गोष्ट मी आता विद्यार्थ्यांना पहिल्याच फेरीत दाखवते.

मसुद्यातलं ते वर्तुळाकार वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं, ते आकडा ओळखीचा होता म्हणून. आता प्रत्येक प्रबंधात वयाच्या आकड्यापुढे एक रकाना ठेवायला लावते: हे वय कशावरून ठरलं? त्या रकान्यात "डायनासोर" असं आलं आणि थराचं वयही डायनासोरवरूनच काढलेलं असलं, की तिथे थांबायचं.

आणि फत्तर. विहिरीचा वरचा कुजलेला भाग मोजमापाला निकामी होता हे खरं, पण २० ते २६ फुटांमधला फत्तर ताजा, कडक होता, सुरुंगाने फोडावा लागला तो तोच. त्याचे मुठीएवढे चार तुकडे दिशा नोंदवून, कापडात बांधून ठेवायला खर्च काही नव्हता. पुढे कधी मोजमापाची सोय झाली असती तर वरची सीमा आमच्याच विहिरीतून मिळाली असती. त्या वेळी सुचलं नाही. दिवाळीच्या आत विहीर बांधून झाली, कडं लागलं, पाणी ३० फुटांवर आलं, आणि तो फत्तर आता सिमेंटच्या मागे आहे.

त्याच शेतकऱ्याच्या भावाने यंदा शेजारच्या वावरात विहीर आखली आहे. काम सुरू व्हायच्या आधीच त्याने फोन केला. खडू, कापड आणि कंपास आम्ही गाडीत टाकून ठेवले आहेत.